मोजणीची काच

१

रक्त कधीही खोटं बोलत नाही.

मानोऱ्याच्या भूतदया धर्मादाय रुग्णालयात, रक्त तपासायच्या खोलीच्या भिंतीवर हे वाक्य हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. वाक्याखाली देणगीदारांचं नाव होतं. देणगीदार वीटभट्टीवाले होते आणि रक्ताशी त्यांचा संबंध एकदाच, मूळव्याधीच्या निमित्ताने आला होता. रुग्णालयाचं नावही त्यांनीच ठेवलेलं. ते नाव वाचून अजूनही कोणीतरी अधूनमधून आजारी म्हैस घेऊन येई.

त्याच वाक्याच्या बरोबर खाली, ऑक्टोबरातल्या एका तापल्या मंगळवारी, रक्त तपासणारी रत्नमाला वानखडे रिकामी डबी हातात धरून उभी होती.

“चेंबर गेलं, काका.”

काका म्हणजे उकंडराव भगत. पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेले आणि आता रुग्णालयाचे सुरक्षा पर्यवेक्षक. साऱ्या नोकरीत त्यांनी एकही खून उलगडला नव्हता, कारण त्यांच्या हद्दीत लोक एकमेकांना नुसत्या धमक्या देत. हरवलेल्या बकऱ्या मात्र पुष्कळ शोधल्या. त्याचं तंत्रही त्यांनी स्वतःच बसवलं होतं. बकरी कुठे गेली हे विचारायचं नाही. ती गेल्यावर कोणाच्या घरात शांतता झाली, ते पाहायचं.

“चेंबर म्हंजे काय ओ?” त्यांनी विचारलं.

“रक्तातल्या पेशी मोजाची काच. बोटभर रुंद, जाड पट्टी. तिच्यावर वावराच्या बांधायसारख्या बारीक रेघा कोरेल असतात. रक्ताचा थेंब पातळ करून टाकाचा, वरून दुसरी काच ठेवाची अन् मायक्रोस्कोपखाली एकेक चौकट मोजत बसाची.”

“अन् हे?” उकंडरावांनी कोपऱ्यातल्या यंत्राकडे मान हलवली.

“सेल काउंटर. हे तेच काम मिनिटात करते.”

“मंग काच कायले पाह्यजे?”

“मिनिटात चूक करून राह्यलं असंल तं?”

उकंडराव यंत्राजवळ गेले. त्याच्या पत्र्याच्या पाठीवर त्यांनी हात टेकला आणि लगेच झटकला. मनगटापर्यंत मुंग्या आल्या.

“हे चावते का?”

“देते हल्ली चटका,” रत्नमाला म्हणाली. तिचं लक्ष डबीतच होतं. “काका, वार्डात सायली हाय ना, हौसाबाईची नात. डेंगू. काल मशीननं तिच्या प्लेटलेट सांगतल्या दीड लाखाच्या वर. म्हंजे चांगल्या. मले पटलं नाई. मी काचेवर मोजलं तं अठ्ठावीस हजार. इतक्या कमी असल्या तं रक्त थांबत नाई. पोरीच्या जिवाचं काम हाय.”

“डॉक्टरले सांगतलं?”

“साऱ्यायसमोर सांगतलं. उद्या तुमच्यासमोर मोजून दाखवतो म्हटलं. अन् आज काच नाई.”

“वाशिमले पाठवाचं होतं रक्त.”

“सकाळच्या एसटीनं पाठवलं. रिपोर्ट उद्या. पोरीले सुट्टी आज चारले.”

उकंडरावांनी डबी घेतली. लाल मखमलीत पट्टीच्या आकाराचा खड्डा पडलेला होता. शेजारच्या कागदी पुडीत काहीतरी चौकोनी होतं.

“हे काय?”

“वर ठेवाची काच. ते हाये.”

दारात पावलं वाजली. डॉक्टर पवन काळबांडे आले. रुग्णालयातले सगळ्यात मोठे डॉक्टर तेच, कारण दुसरे डॉक्टर नव्हते. शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर, हातात रिपोर्ट. रिपोर्ट त्यांनी हातभर लांब धरला, मान मागे नेली, डोळे बारीक केले आणि वाचून दाखवलं, “सायली. प्लेटलेट एक लाख छप्पन्न हजार. आज आणखी वाढल्यात. घरी सोडायचं.”

“सर, मी स्लाइड करून पाह्यली. प्लेटलेट दिसूनच नाई राह्यल्या. तुमी एक डाव पाहा तं—”

“दिसतं-बिसतं नको, रत्नमालाताई. आकडा दाखवा. काच आहे?”

रत्नमालाने उकंडरावांच्या हातातल्या डबीकडे पाहिलं.

“नाही ना? मग मशीनचा आकडा अंतिम. आणि संस्थेची वस्तू तुमच्या ताब्यातून गेली, त्याचा खुलासा अध्यक्षांना तुम्हीच द्यायचा. ते काय करतील ते मी सांगायला नको.”

ते गेले. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. चार वाजता सायली घरी जाणार होती आणि बहुतेक तिच्यामागोमाग रत्नमालाही.

२

ज्या कपाटात डबी असायची त्याला कुलूप होतं. किल्ली देणगीदारांच्या फोटोमागच्या खिळ्याला असे. हे गुपित होतं आणि ते सगळ्या रुग्णालयाला ठाऊक होतं. तेव्हा किल्लीचा तपास उकंडरावांनी तिथेच संपवला आणि रस्ता ओलांडून धीरजच्या लॅबमध्ये गेले.

धीरजची खासगी लॅब. त्याचं यंत्र अकोल्याला दुरुस्तीला गेलेलं, आणि गेल्या आठवड्यात त्याने रत्नमालाकडे चेंबर उसनं मागितलं होतं. तिने दिलं नव्हतं. यापेक्षा सरळ संशय उकंडरावांना बकऱ्यांच्या बाबतीतसुद्धा कधी मिळाला नव्हता.

धीरज रिकाम्या बाकांकडे पाहत बसला होता.

“या जमादार. मलेच पकडाले आले ना? मले मालूमच होतं.”

“कसं काय मालूम?”

“गावात बातमी मोकळी फिरून राह्यली. पन् मी नेलं असतं तं असा माशा मारत बसलो असतो का? दुकान चालू नसतं केलं?”

“लपवून ठेवलं असंल. दमानं काढशीन.”

धीरज हसला. “अन् मोजू कशानं? वरची काच तिच्याचपाशी हाय म्हंते ना लोकं?”

“हाय. पुडीत.”

“मंग झालं. ते काच साधी नसते, जमादार. तिची जाडी ठरेल, वजन ठरेल. दुसरी कोनतीबी ठेवली का थेंब फुगते अन् मोजनी चुकते. तिच्याबिगर चेंबर म्हंजे नुसती पट्टी. शेवया कापा तिनं. चोर अडाणी हाय तुमचा.”

उकंडराव उठले. दाराशी थांबून त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

“अडाणी असंल,” ते म्हणाले, “नाई तं त्याले मोजाचंच नसंल.”

मागच्या अंगणात पंचफुला कप विसळत होती. रुग्णालयाची आया. तिच्या हातून वस्तू फुटतात अशी तिची ख्याती होती, आणि काच फुटली की तुकडे लपवायला माणसाला घटकाभर पुरते. उकंडरावांनी नुसतं “पंचफुला,” म्हटलं, तेवढ्यात ती उसळली.

“मी नाई फोडली! अध्यक्षायचा फोटो फोडला तवा मी सांगतलं. सायबाची खुर्ची मोडली तवा सांगतलं. थर्मामीटर तं किती फोडले, सारे सांगतले. माह्या हातून फुटलेलं काई गुपचूप राह्यते का बाप्पा? आवाजच इतका होते!”

हे खरं होतं. फोटो फुटला तेव्हा उकंडराव फाटकावर दचकले होते.

“अन् ते चेंबर तं रत्नमालाबाई मले शिवू बी देत नाई,” ती पुढे म्हणाली. कपांच्या बुडाशी हिरवा फेस होता. “मले हेच काम मायंदाळ झालं. पपईच्या पाल्याचा रस वाटा, गाळा, साऱ्या पेशंटाले पाजा, मंग कप घासा. वरतून त्या झाडाले पानी. कूलरचं पानी पयले जनरेटरच्या शेडात जात जाय, गुमान. सायेब म्हने, वाया कायले घालवता, पपईले सोडा. तो सारा पाइप म्या एकटीनं वढला.”

“झाड जोरात हाय पन्.”

“असंन नाई तं काय! पाइप वळवला अन् साऱ्यायच्या पेशी वाढाले लागल्या. आता तं इंझोरीवरून लोकं येऊन राह्यले पाला मांगाले.”

उकंडरावांनी एकदा पपईकडे पाहिलं, एकदा पाइपाकडे पाहिलं, आणि पायाला चावलेला डास मारला.

३

पपईच्या झाडाखाली डॉक्टर काळबांडे भाषणाचा सराव करत होते. शनिवारी वाशिमला डॉक्टरांची सभा होती. विषय: ‘पपईच्या पानांचा रस आणि ग्रामीण डेंग्यू: एक यशोगाथा’. कागद पुन्हा हातभर लांब. वाचता वाचता ते हात आणखी लांबवत होते. देवाने हात थोडे आखूडच दिलेत अशी तक्रार असल्यासारखे.

शेजारी वॉर्डचा कूलर घरघरत होता. चांगला कपाटाएवढा कूलर. नळ सतत चालू, जास्तीचं पाणी पाइपने बाहेर, त्यामुळे त्याची टाकी कधी म्हणजे कधी रिकामी होत नसे. संस्थेच्या अहवालात याचा सुविधा म्हणून उल्लेख होता.

“साहेब, काच कोनं नेली असंल?”

“कोणी का नेईना. जुनाट पद्धत. माणूस मोजणार म्हणजे माणूस चुकणार. मशीनला काय, ना घरचं टेन्शन, ना डोळे.” डॉक्टरांनी खिशातल्या चष्म्याच्या घरावर हात ठेवला आणि पुन्हा डोळे बारीक करून कागदात पाहू लागले. “ज्या दिवसापासून रस सुरू केला, त्या दिवसापासून एकाही पेशंटची प्लेटलेट लाखाच्या खाली गेली नाही. एकाही! हे तुमच्या रत्नमालाताईंना बघवत नाही.”

“एकबी नाई?”

“एकही नाही.”

उकंडरावांना नोकरीतली एक गोष्ट आठवली. ज्या ठाण्यात वर्षभर एकही गुन्हा नोंदला जात नसे, तिथे गुन्हे होत नसत असं नव्हे. तिथे फौजदार गुन्हे लिहून घेत नसे.

एवढ्यात हौसाबाई आली. गावाबाहेर तिचा भाजीपाल्याचा मळा. डोक्यावरचा पदर कमरेला खोचलेला, पाठीमागे फाटकाबाहेर ऑटो उभा.

“डाक्टरसायेब, पोरीनं दात घासले तं चूळ लाल पडली.”

“ब्रश कडक असेल. बदला.”

“ब्रश नाई जी, बोटानं घासते ते.”

“मग नख लागलं असेल, हौसाबाई. रिपोर्ट उत्तम आहे. चार वाजता घेऊन जा. घाई असेल तर आत्ताच न्या.”

डॉक्टर आत गेले. हौसाबाई उकंडरावांकडे वळली. “जमादारभाऊ, मी अडाणी बाई. पन् माही पोरगी सांभार-मेथी टाकाले रोज इथी येत जाय, कूलरम्होरं घटकाभर बसत जाय, साऱ्यायसंग हासत जाय. आता भिताडाकडे तोंड करून पडली हाय. बऱ्या मानसाचं तोंड असं असते का? नेऊ का नको नेऊ?”

“ऑटोवाल्याले चहा पाज,” उकंडराव म्हणाले. “दोन पाज.”

ते तडक जनरेटरच्या शेडात गेले. पत्र्याखाली पावसाचा थेंब पडत नसे. जमिनीवर जुन्या पाइपाची शेवाळी रेघ होती, वाळून पापुद्रे सुटलेली. ती रेघ एका चौकोनी खड्ड्याशी संपत होती. खड्ड्यातून लोखंडी नळी वर आलेली. भोवतीची काळी माती भेगाळून नळीपासून सुटली होती. फटीत त्यांचं बोट सहज गेलं.

असाच एक खड्डा त्यांच्या घरामागेही होता. दर उन्हाळ्यात कूलर चटके देऊ लागला की बायको स्वयंपाकघरातून ओरडे, “अहो, अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पानी टाका, नाई तं मी मरन अन् तुमाले जेवाले कोनी वाढनार नाई!”

उकंडरावांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. मघाच्या मुंग्या आठवल्या. आणि त्यांना दोन बकऱ्या एकाच दोरीला बांधलेल्या दिसल्या.

४

“सायेब, काच सापडली,” असा निरोप त्यांनी पंचफुलाकडून पाठवला. डॉक्टर इतक्या घाईने आले की जिन्यावर त्यांची चप्पल मागे राहिली. खोलीत रत्नमाला होती, हौसाबाई होती, रस्त्यापलीकडून धीरजही तमाशा पाहायला आला होता.

“कुठे सापडली?” डॉक्टरांनी विचारलं. हात खिशावर.

“सांगतो. पयले दुसरं पाहू. रत्नमाला, हे मशीन रोज तपासते का तू?”

“रोज आठले. रक्ताबिगर, नुसतं मशीनचं कोरं पानी चालवून पाह्यते. पेशी नाईच तं आकडा शून्यापाशी याले पाह्यजे. येते.”

“आठले कूलर चालू असते?”

“नाई. सायेब राउंडले आले का लागते.”

“अन् पेशंटचं रक्त?”

“राउंडच्या मागून.”

“आमच्या ठाण्यात सकाळी हजेरी होये,” उकंडराव सावकाश म्हणाले. “हजेरीले सारे शिपाई हजर, बक्कल चकचकीत. दुपारी पाह्यलं तं ठाण्यात कुत्रं बी नसे. पन् कागदावर सारे हजर, कारन हजेरी सकाळचीच. रत्नमाला, आता दुपारची हजेरी घे. टाक कोरं पानी.”

“रिएजंटचं महाग पाणी फुकट जाईल,” डॉक्टर म्हणाले.

“जाऊ द्या जी,” हौसाबाई म्हणाली. ते विनंतीसारखं वाटलं नाही.

यंत्राने घुर्रघुर्र केलं आणि कागदाची पट्टी बाहेर टाकली. रत्नमालाने ती वाचली. पुन्हा वाचली.

“हिमोग्लोबिन शून्य. प्लेटलेट एक लाख एकतीस हजार.”

कोऱ्या पाण्याला हिमोग्लोबिन नव्हतं, पण प्लेटलेट उत्तम होत्या. डॉक्टरांच्या नियमाने पाण्याला घरी सोडायला काहीच हरकत नव्हती.

“पंचफुला, कूलर बंद कर,” उकंडरावांनी ओरडून सांगितलं. घरघर थांबली. “टाक पुन्हा.”

या खेपेला आकडा शून्यापाशी आला.

“कूलरची वीज त्याच्या पत्र्यात उतरून राह्यली हाय. ते जमिनीत जायले पाह्यजे. पन् अर्थिंगचा खड्डा कोरडा ठनठनीत. त्याले पानी देनारा पाइप तुमी पपईकडे वळवला. मंग वीज बिचारी जाईन कुठं? जाते मशीनमंदी, गडबड करते, अन् मशीन ते गडबड प्लेटलेट म्हनून मोजते.” त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. “पोरीच्या दीड लाखातून पान्याच्या सव्वा लाख काढा. काय राह्यलं? रत्नमालानं सांगतलं तेच.”

“पण मग...” डॉक्टरांचा आवाज बारीक झाला. “पपईचा रस?”

“त्यानं पपई वाढली.”

धीरजने हसू आवरलं. डॉक्टर सावरले. “ठीक आहे. मशीनमध्ये दोष आहे, मान्य. पण नक्की आकडा काचेशिवाय कसा कळणार? काच चोराने नेली. म्हणालात ना, सापडली?”

“सापडली. तुमच्या खिशात हाये.”

रत्नमालाने चमकून पाहिलं.

“चोरानं जाड पट्टी नेली, वरची काच ठेवली. ज्याले मोजाचं होतं त्यानं दोनी नेल्या असत्या. म्हनून धीरज नाई. फुटली असती तं साऱ्या गावानं आवाज आयकला असता. म्हनून पंचफुला नाई. आता उरला कोन? ज्याले दुसऱ्यानं मोजलेलं चालत नाई तो. काच गेली अन् कोनाच्या डोक्याची कटकट मिटली? बाकी मी सकाळपासून पाहून राह्यलो, सायेब. कागद तुमाले दिसत नाई, चष्म्याचं घर छातीशी हाय, अन् तुमी ते एक डावबी उघडलं नाई. ज्या घरात चष्मा नाई, त्या घरात कोन राह्यते?”

बराच वेळ डॉक्टर भिंतीवरचं वाक्य वाचत राहिले. ते मात्र त्यांना चष्म्याशिवाय दिसत होतं. मग त्यांनी घर काढलं, उघडलं. आत कापसात ती जाड पट्टी होती.

“मी चोरली नाही,” ते म्हणाले. “सुरक्षित ठेवली. शनिवारपर्यंत.”

“अन् चष्मा?”

डॉक्टरांनी पॅंटच्या मागच्या खिशातून चष्मा काढला. सकाळपासून ते त्यावर बसत होते. एक काडी खिशातच राहिली.

रत्नमालाने काच घेतली, धुतली, पुसली. सायलीचं ताजं रक्त आणलं, थेंब पातळ करून टाकला, वर काच ठेवली, पट्टी ओल्या बशीत झाकून ठेवली. पेशी खाली बसेपर्यंत थांबावं लागतं. सगळे थांबले. हौसाबाई झाकलेल्या बशीकडे अशी पाहत होती, जणू त्याखाली तिची नातच होती. मग रत्नमाला मायक्रोस्कोपवर वाकली. हातातल्या मोजयंत्राची टकटक सुरू झाली. ती फार वेळ चालली नाही, आणि तेच वाईट होतं.

“चोवीस हजार.”

डॉक्टर काळबांडे अनवाणीच फोनकडे धावले. एवढं त्यांच्या बाजूने लिहायला हवं. ऑटो परत गेला आणि सायली रुग्णवाहिकेतून अकोल्याला गेली. हौसाबाईने चढताना रत्नमालाचा हात धरला आणि सोडलाच नाही. शेवटी ड्रायव्हरला सांगावं लागलं.

५

सायली बरी झाली. दिवाळीच्या आत सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन ती पुन्हा फाटकात उभी राहिली. वॉर्डातल्या बाकी पेशंटांची मोजणी रत्नमालाने दोन्ही काचा घेऊन पुन्हा केली. आणखी तिघांना अकोल्याला पाठवावं लागलं, आणि तेही परत आले. खुलासा कोणी मागितला नाही, कारण तो कोणाकडे मागायचा हे अध्यक्षांना ठरवता आलं नाही.

पाइप पुन्हा शेडात गेला, यंत्राने चावणं सोडलं, पपई वाळली. डॉक्टरांनी शनिवारी नव्या चष्म्याने भाषण केलं. विषय ऐनवेळी बदलला होता: ‘ग्रामीण रुग्णालयांत अर्थिंगचं महत्त्व’. टाळ्या पडल्या. उकंडरावांचा संस्थेने शाल देऊन सत्कार केला. शाल त्या उकाड्यात त्यांनी तासभर अंगावर ठेवली.

मानोऱ्यात त्या महिन्यात इतका डेंग्यू आला कुठून, हे विचारायला पुढच्या आठवड्यात आरोग्य खात्याचा माणूस आला. त्याने रुग्णालयाचा कूलर, तो बसवल्यापासून पहिल्यांदाच, रिकामा करायला लावला.

टाकीत अळ्या होत्या.